अरेषीय अवकल समीकरणाला जुळणारं अंतर-समीकरण कसं काढायचं

मुंबईत १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, याचे आकडे साथींचं गणिती मॉडेल मांडणाऱ्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात वापरले. त्या आकड्यांवर त्यांनी बसवलेला वक्र असा होता:

आठवड्याचे मृत्यू = ८९० × सेकएच²(०.२ट − ३.४)

इथे ट म्हणजे आठवडे; सेकएच आणि पुढे येणारा टॅनएच ही घातांकी फलनांपासून बनणारी फलनं (हायपरबोलिक सेकंट आणि टॅन्जेंट). १७ व्या आठवड्यात शिखर, तेव्हा आठवड्याला ८९० मृत्यू. हा वक्र एका अरेषीय अवकल समीकरणाचं, म्हणजे राशी किती वेगाने बदलते ते सांगणाऱ्या समीकरणाचं, उत्तर आहे. तेच समीकरण संगणकावर ऑयलरच्या रीतीने पाच-पाच आठवड्यांच्या पायऱ्यांनी सोडवलं तर शिखर १७ व्या आठवड्याऐवजी २८ व्या आठवड्याच्या आसपास येतं, आणि पुढे एकूण मृत्यूंचा आकडा चक्क कमी होतो. योग्य अंतर-समीकरण, म्हणजे एका पायरीच्या किमतीवरून पुढच्या पायरीची किंमत देणारं समीकरण, घेतलं तर तेवढ्याच पायऱ्यांत प्रत्येक किंमत दशांशापर्यंत बरोबर येते. गणिताचं काम दोन्हीकडे जवळपास सारखंच. फरक आहे तो अंतर-समीकरण कसं बांधलं यात, आणि ते कसं बांधायचं तेच इथे मांडलं आहे.

साहित्य फार लागत नाही. घातांक आणि टॅनएच काढणारं कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल पुरे. चिन्हं अशी: पायरीची लांबी ह, पायरीच्या सुरुवातीची किंमत "जुना", शेवटची "नवा", आणि ई म्हणजे २.७१८२८.

आधी बिघाड कुठे होतो ते पाहू

ऑयलरची रीत सगळ्यांना माहीत असते: वेगाच्या जागी (नवा − जुना) ÷ ह लिहा, उजव्या बाजूला सगळीकडे जुना भरा. असं केलं की हाती येतं ते मूळ समीकरण नव्हे, एक वेगळंच अंतर-समीकरण असतं. त्याला त्याची स्वतःची उत्तरं असतात. ह फार लहान असेल तर ती मूळ उत्तरांच्या जवळ राहतात. ह मोठा झाला की स्वतःच्या वाटेने जातात.

लॉजिस्टिक समीकरण घ्या: य चा वेग = र × य × (१ − य). य कुठल्याही धन किमतीपासून निघाला तरी तो सावकाश १ कडे जातो, याखेरीज या समीकरणात काही घडत नाही. ऑयलरच्या रूपात मात्र र×ह ही संख्या २ च्या वर गेली की उत्तर १ वर थांबायचं सोडून दोन किमतींत उड्या मारतं. र×ह = २.५ असताना ०.५३६, १.१५८, ०.७०१, १.२२५ या चार किमती क्रमाने फिरत राहतात. साधारण २.५७ च्या पुढे कोलाहल (केऑस, म्हणजे कसलाच क्रम नसलेल्या उड्या) सुरू होतो, आणि ३ च्या पुढे उत्तर अनंताकडे पळतं. यातलं काहीही मूळ समीकरणात नाही. हा सगळा खेळ पायरीने उभा केलेला आहे, आणि आलेख नुसता पाहून तो ओळखू येत नाही, हा खरा धोका.

कृती: स्थिरांक काढून टाका

समीकरणाचं सामान्य उत्तर माहीत असेल तर तंतोतंत अंतर-समीकरण काढणं सरळ आहे. ट या वेळेचं उत्तर लिहा, ट+ह या वेळेचं उत्तर लिहा, आणि दोन्हींतला स्थिरांक नाहीसा करा. उरेल ते जुना, नवा आणि ह यांचं नातं. तेच हवं असलेलं अंतर-समीकरण.

मुंबईच्या वक्रावर करून पाहू. ८९० ला ०.२ ने भागलं की ४४५० येतात. ट या वेळेपर्यंत झालेल्या एकूण मृत्यूंतून शिखराच्या क्षणापर्यंतचे मृत्यू वजा करून ४४५० ने भागा. येणाऱ्या राशीला व म्हणू. साथीच्या सुरुवातीला व साधारण −१ असतो, शिखराला ० आणि साथ संपताना +१. त्याचं समीकरण:

व चा वेग = ०.२ × (१ − व²)

उत्तर: व = टॅनएच(०.२ट + स्थिरांक). ट मध्ये ह मिळवला की कंसात ०.२ह ची भर पडते. टॅनएचच्या बेरजेचं सूत्र वापरा, स्थिरांक आपोआप जातो:

नवा = (जुना + थ) ÷ (१ + थ × जुना), जिथे थ = टॅनएच(०.२ × ह)

पाच आठवड्यांच्या पायरीला थ = टॅनएच(१) = ०.७६१५९. सुरुवात टॅनएच(−३.४) = −०.९९७७८ पासून करा. पहिली पायरी: अंश −०.९९७७८ + ०.७६१५९ = −०.२३६१९, छेद १ − ०.७५९९० = ०.२४०१०, भागाकार −०.९८३७. पुढच्या पायऱ्या अशाच. दोन्ही रीतींचे आकडे शेजारी ठेवले की असे दिसतात:

आठवडा ० : तंतोतंत −०.९९७८, ऑयलर −०.९९७८
आठवडा ५ : तंतोतंत −०.९८३७, ऑयलर −०.९९३३
आठवडा १० : तंतोतंत −०.८८५४, ऑयलर −०.९८००
आठवडा १५ : तंतोतंत −०.३७९९, ऑयलर −०.९४०५
आठवडा २० : तंतोतंत ०.५३७०, ऑयलर −०.८२५०
आठवडा २५ : तंतोतंत ०.९२१७, ऑयलर −०.५०५७
आठवडा ३० : तंतोतंत ०.९८९०, ऑयलर ०.२३८५

ऑयलरचा पुढचा आकडा १.१८१६ आणि त्याच्या पुढचा ०.७८५४. म्हणजे एका पायरीत एकूण मृत्यू ४४५० × ०.३९६२, सुमारे १७६३ ने घटले. साठत जाणारी बेरीज कधीच घटत नाही, त्यामुळे इथे चूक लपत नाही. लपते ती त्याआधी. २० व्या आठवड्यापर्यंत ऑयलरचा आलेख अगदी गुळगुळीत आणि पटण्यासारखा दिसतो, आणि प्रत्यक्षात तो जवळपास नऊ आठवडे मागे पडलेला असतो.

हा उशीर का होतो, तेही पाहून ठेवा. व −१ च्या जवळ असताना −१ पासूनचं अंतर खऱ्या उत्तरात पाच आठवड्यांत ई² म्हणजे ७.३९ पट होतं. ऑयलरमध्ये ते १ + ०.४ × ५ = ३ पटच वाढतं. तंतोतंत सूत्रात ही पट (१ + थ) ÷ (१ − थ) येते, आणि ती बरोबर ई² भरते.

एक सूचना इथेच. प्लेग मुख्यतः उंदीर आणि पिसवांमार्फत पसरतो, आणि हे मॉडेल माणसाकडून माणसाकडे जाणारा संसर्ग धरून बांधलेलं आहे. वक्र आकड्यांवर बसला म्हणून साथीचं कारणही तेच ठरत नाही. आपल्याला इथे समीकरणाशी काम आहे.

सूत्र उलगडून वाचा

आता त्याच सूत्राची फिरवाफिरव करून ते वेगाच्या रूपात आणा:

(नवा − जुना) ÷ फ = ०.२ × (१ − जुना × नवा), जिथे फ = थ ÷ ०.२

ऑयलरपेक्षा यात दोनच गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, छेदात ह च्या जागी फ आला. पाच आठवड्यांच्या पायरीला फ = ३.८०८ आठवडे. ह लहान असेल तर फ आणि ह जवळजवळ सारखेच; ह वाढत गेला तरी फ इथे कधीही ५ च्या पुढे जात नाही. दुसरी, व² च्या जागी जुना × नवा आला. वर्ग एकाच क्षणी न मोजता दोन क्षणांत वाटून दिला. अमेरिकेतले रोनाल्ड मिकेन्स यांनी याच दोन निरीक्षणांवर अ-प्रमाणित अंतर-योजनांची सगळी पद्धत उभी केली.

हे दोन्ही बदल एकत्रच करायचे असतात. बरेचजण फक्त छेद बदलतात, कारण ते सोपं आहे. करून पाहा: ऑयलरमध्ये ह च्या जागी (१ − ई^(−०.४ह)) ÷ ०.४ घाला. ५ ऐवजी २.१६ येतात. उड्या थांबतात, उत्तर १ च्या वर जात नाही, सगळं आलबेल दिसतं. पण सुरुवातीची वाढ आता ७.३९ पटीऐवजी १.८६ पटच होते, म्हणजे शिखर ऑयलरपेक्षाही उशिरा येतं. स्थिरता आली आणि अचूकता गेली. उत्तर उड्या मारत नाही म्हणून ते बरोबर आहे, असं कधी धरू नका.

उजवी बाजू वर्गराशी असेल तर

वरच्या सगळ्याला एकच साचा पुरतो. समीकरण य चा वेग = क × (य − प) × (य − ब) असं असेल, तर (य − प) ÷ (य − ब) हे गुणोत्तर काढा. प्रत्येक पायरीला हे गुणोत्तर ई^(क × (प − ब) × ह) ने गुणलं जातं, बस्स. पुन्हा य हवा असेल तर:

य = (प − ब × गुणोत्तर) ÷ (१ − गुणोत्तर)

लॉजिस्टिक समीकरणासाठी यातून निघतं: नवा = ग × जुना ÷ (१ + (ग − १) × जुना), जिथे ग = ई^(र×ह). य = ०.१, र = १, ह = १ घेऊन तपासा: ०.२७१८३ ÷ १.१७१८३ = ०.२३१९७, आणि खरं उत्तर १ ÷ (१ + ९ ÷ ई) तेवढंच आहे. ऑयलर ०.१९ देतो. मत्स्यशास्त्रात बेव्हर्टन-होल्ट या नावाने जे सूत्र चालतं, त्याचं रूप हेच.

दोन्ही मुळं सारखी असतील, म्हणजे वेग = क × (य − प)², तर १ ÷ (य − प) ही राशी दर पायरीला क × ह ने कमी होते. मुळं काल्पनिक असतील, वेग = क × ((य − अ)² + द²), तर (य − अ) ÷ द ज्या कोनाचा टॅन आहे तो कोन रेडियनमध्ये घ्या; तो दर पायरीला क × द × ह ने वाढतो.

शेवटच्या दोन प्रकारांत उत्तर मर्यादित वेळेत अनंताला जाऊ शकतं, आणि सूत्र तुम्हाला थांबवत नाही. य चा वेग = य², सुरुवात १ पासून. खरं उत्तर ट = १ ला अनंत होतं. ह = ०.४ घेतला तर १, १.६६७, ५ आणि मग −५ येतं. ५ पर्यंतचे आकडे तंतोतंत आहेत. −५ हा अनंताच्या पलीकडच्या फाट्यावरचा आकडा, आपल्या उत्तराशी त्याचा संबंध नाही. म्हणून प्रत्येक पायरीआधी छेदाचं (इथे १ − ह × जुना) चिन्ह तपासा. छेद शून्य किंवा ऋण झाला की गणित तिथेच थांबवा. पहिल्या प्रकारात सुरुवातच नेमकी ब वर असेल तर गुणोत्तर निघत नाही; तिथे वेग शून्यच आहे, य जागचा हलत नाही.

घन आणि इतर घातांक

य चा वेग = −य³ या समीकरणात १ ÷ य² दर पायरीला २ह ने वाढतो. म्हणून नवा = जुना ÷ √(१ + २ × ह × जुना²). य = ३, ह = ०.५ असेल तर नवा ३ ÷ √१० = ०.९४९. ऑयलर पहिल्या पायरीला −१०.५ देतो आणि दुसरीला ५६८. हेच सूत्र वेगाच्या रूपात लिहिलं की घनाच्या जागी २ × जुना² × नवा² ÷ (जुना + नवा) दिसतं. जुना आणि नवा सारखे केले की ते बरोबर य³ होतं. घन असा वाटला जाईल हे अंदाजाने सुचलं नसतं. म्हणून शक्य असेल तिथे सूत्र स्थिरांक काढूनच मिळवावं, मनाने रचू नये.

वेग = य − य³ असेल तर य² ला नवं नाव द्या. त्याचं समीकरण २ × य² × (१ − य²), म्हणजे लॉजिस्टिकच. वरचं सूत्र लावा आणि वर्गमूळ घ्या. चिन्ह जुन्या य चंच ठेवा, कारण हे उत्तर शून्य कधी ओलांडत नाही.

समीकरण एकदम सुटत नसेल पण त्याचे दोन तुकडे वेगवेगळे सुटत असतील, तर पहिला तुकडा अर्ध्या पायरीने, दुसरा पूर्ण पायरीने, पुन्हा पहिला अर्ध्या पायरीने न्या. प्रत्येक तुकड्याला त्याचं तंतोतंत सूत्र. एकूण चूक ह² च्या प्रमाणात राहते.

सूत्रच नसेल तेव्हा: साथीचं पूर्ण मॉडेल

मुंबईचा वक्र हा केरमॅक-मॅकेंड्रिक मॉडेलचा सोपा केलेला अवतार. मूळ समीकरणातल्या घातांकी पदाच्या विस्तारातली पहिली तीन पदंच ठेवून तो मिळतो. पूर्ण मॉडेलमध्ये तीन गट असतात: संसर्ग होऊ शकणारे स, आजारी आ, आणि बाहेर पडलेले, म्हणजे बरे झालेले किंवा दगावलेले, ज्यांना न म्हणू. स घटतो बीटा × स × आ या वेगाने, आ तेवढाच वाढतो आणि गॅमा × आ या वेगाने घटतो, तीच भर न मध्ये पडते. बीटा हा संसर्गाचा दर, गॅमा हा आजारी गटातून बाहेर पडण्याचा दर. याला तंतोतंत बंद सूत्र नाही. मग निदान दोन गोष्टी टिकवायच्या: कुठलाही गट ऋण होऊ नये, आणि तिघांची बेरीज बदलू नये.

नियम साधा आहे. ज्या पदाने एखादा गट घटतो, त्या पदात त्या गटाची नवी किंमत घाला. ज्याने वाढतो, तिथे हाती असलेली किंमत चालते. आणि एकच पद दोन समीकरणांत असेल तर दोन्हीकडे ते अक्षरशः सारखंच लिहा. बेरीज बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. क्रम असा:

पहिलं: नवा स = स ÷ (१ + फ × बीटा × आ)
दुसरं: नवा आ = (आ + फ × बीटा × नवा स × आ) ÷ (१ + फ × गॅमा)
तिसरं: नवा न = न + फ × गॅमा × नवा आ

भागाकारात कुठेही वजाबाकी नाही, म्हणून ऋण किंमत येणं शक्यच नाही. तीनही ओळी बेरजेच्या रूपात मांडल्या की पदं एकमेकांना कापतात.

फ कोणता घ्यायचा? बीटा शून्य केला तर आ ने नुसतं ई^(−गॅमा × ह) ने घटलं पाहिजे. आपण घटीचं पद नव्या किमतीवर ठेवलं आहे, त्यामुळे फ = (ई^(गॅमा × ह) − १) ÷ गॅमा. घटीचं पद जुन्या किमतीवर असतं तर फ = (१ − ई^(−गॅमा × ह)) ÷ गॅमा लागला असता. या दोघांची अदलाबदल ही सर्रास दिसणारी चूक आहे, आणि ती पटकन सापडत नाही, कारण बेरीज आणि चिन्हं दोन्ही ठीक राहतात.

आकडे घालून पाहा: बीटा ०.५, गॅमा ०.२५ दर दिवशी, ह = १ दिवस, स = ०.९९, आ = ०.०१, न = ०. फ = १.१३६१०. नवा स = ०.९८४४१, नवा आ = ०.०१२१४, नवा न = ०.००३४५. बेरीज बरोबर १. आ ची खरी किंमत मात्र ०.०१२८ च्या जवळ आहे. म्हणजे ही योजना सांगाडा जपते, अचूकता पहिल्या कोटीचीच देते, म्हणजे चूक ह च्याच प्रमाणात घटते. इथे पायरी लहान करावीच लागते. ह निम्मा करा, दोन्ही उत्तरं ताडून पाहा, शिखराची तारीख हलायची थांबेपर्यंत हे करत राहा.

आंदोलनं: ऊर्जा गळू देऊ नका, साठू देऊ नका

झोके घेणाऱ्या समीकरणांत ऑयलर सगळ्यात वाईट ठरतो. साध्या दोलकात, क्ष चा त्वरण = −क्ष, प्रत्येक पायरीला विस्तार, म्हणजे झोक्याची मोठ्यात मोठी मजल, √(१ + ह²) पट होतो. ह = ०.१ असताना एका आवर्तनात ६३ पायऱ्या होतात आणि विस्तार सुमारे ३७ टक्के फुगतो. ह = ०.०१ केला तरी दर आवर्तनाला ३ टक्के. शंभर आवर्तनं हवी असतील तर या वाटेला जाऊच नये.

साध्या दोलकाचं तंतोतंत अंतर-समीकरण तीन किमतींचं आहे: पुढचा + मागचा = २ × कोस(ह) × आत्ताचा. यालाच वेगाच्या रूपात आणलं की ह² च्या जागी ४ × साइन²(ह ÷ २) येतं.

आता त्यात घनपद मिळवा: त्वरण = −क्ष − ए × क्ष³. हे डफिंगचं समीकरण; ए हा घनपदाचा स्थिर सहगुणक. घन एकट्या आत्ताच्या किमतीवर ठेवू नका. क्ष² आत्ताचा आणि उरलेल्या क्ष च्या जागी मागचा आणि पुढचा यांची सरासरी घ्या. मांडणी झाल्यावर:

पुढचा + मागचा = २ × कोस(ह) × आत्ताचा ÷ (१ + घ × आत्ताचा²), जिथे घ = २ × ए × साइन²(ह ÷ २)

याला मॅकमिलनचं नातं म्हणतात, आणि त्याच्या पोटात एक रत्न आहे. शेजारच्या कुठल्याही दोन किमती, मागचा म आणि आत्ताचा आ, घ्या आणि ही राशी काढा:

म² + आ² + घ × म² × आ² − २ × कोस(ह) × म × आ

ती कधीही बदलत नाही. कारण वर्गसमीकरणाइतकं सोपं आहे. आ स्थिर धरा आणि ही राशी म चं वर्गसमीकरण म्हणून पाहा: म² चा सहगुणक १ + घ × आ², म चा −२ × कोस(ह) × आ. मुळांची बेरीज २ × कोस(ह) × आ ÷ (१ + घ × आ²). एक मूळ मागचा असेल तर दुसरं मूळ वरच्या सूत्राप्रमाणे नेमका पुढचा. दोघांनाही राशी तीच.

ए = १, ह = ०.५, सुरुवात क्ष = १ वर स्थिर. स्थिर सुरुवातीला मागचा आणि पुढचा सारखेच असतात, म्हणून पहिली किंमत सूत्राच्या निम्मी: ०.८७७५८ ÷ १.१२२४२ = ०.७८१८७. पुढची ०.२७६७६, त्यापुढची −०.३००६२. न बदलणारी राशी पहिल्या जोडीला ०.३१३८५, दुसऱ्या जोडीलाही ०.३१३८५. किती का पायऱ्या चालवा, झोका फुगणार नाही, आटणार नाही.

वेळेत मात्र थोडी चूक आहे. पहिल्या पायरीची खरी किंमत ०.७६८८ आहे, क्ष शून्य होतो तो खरा क्षण १.१९२, आपल्या आकड्यांवरून १.२४ च्या जवळ येतो. ह निम्मा केला की ही चूक चौथाई होते. तीही नको असेल तर याकोबीची लंबवर्तुळी फलनं वापरून त्याच साच्यातले दोन सहगुणक बदलावे लागतात. साचा तोच राहतो, पण सहगुणक विस्तारावर अवलंबून असतात, त्यामुळे सुरुवात बदलली की ते पुन्हा काढावे लागतात. बहुतेक कामांना वरचं सूत्र आणि जरा लहान पायरी पुरते.

तपासणी

योजना तंतोतंत आहे असा दावा असेल तर सगळ्यात कडक कसोटी ही: ह ची पायरी दोनदा टाका आणि २ह ची एकदा टाका. उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत एकच यायला हवं. मुंबईच्या वक्रात पाचाच्या दोन पायऱ्या आणि दहाची एक, दोन्हीकडे −०.८८५४. कुठेतरी चिन्ह चुकलं असेल तर ही कसोटी बहुतेक वेळा पहिल्याच झटक्यात पकडते.

योजना तंतोतंत नसेल तर दोन गोष्टी पाहा. नवा = जुना ठेवल्यावर फक्त मूळ समीकरणाचेच स्थिरबिंदू (जिथे वेग शून्य होतो त्या किमती) मिळतात का; एखादा जास्तीचा मिळाला तर योजना टाकून द्या, पायरी लहान करून तो बिंदू जात नाही, फक्त दूर सरकतो. आणि स्थिरबिंदूजवळच्या छोट्या विचलनाची पट ई^(उतार × ह) च्या किती जवळ आहे; उतार म्हणजे त्या बिंदूपाशी समीकरणाच्या उजव्या बाजूचा उतार.

शेवटी संगणकाच्या अंकांबद्दल. ई^(र×ह) − १ हे र×ह फार लहान असताना थेट वजाबाकीने काढू नका. र×ह दहा-अब्जांश, म्हणजे १० चा −१० वा घात असेल, तर सोळा अंकांपैकी जेमतेम सहा उरतात. पायथॉनमध्ये यासाठी एक्स्पएम१ हे तयार फलन आहे. एक्सेलमध्ये ते नाही, तिथे २ × ई^(र×ह÷२) × साइनएच(र×ह÷२) वापरा, किंमत तीच येते आणि अंक शाबूत राहतात. टॅनएचच्या सूत्रात उलट टोकाला अडचण येते: ०.२ह जर २० च्या आसपास गेला तर थ संगणकाच्या दृष्टीने १ च होतो, आणि जुना −१ च्या अगदी जवळ असेल तर अंश आणि छेद दोन्ही शून्याला टेकतात. अशा वेळी व वापरण्यापेक्षा (१ + व) ÷ (१ − व) हे गुणोत्तरच पुढे न्या, ते दर पायरीला नुसतं ई^(०.४ह) ने गुणलं जातं.